भागवतची तुला

गूळ किती आणायचा, एवढ्याच प्रश्नावरून ऋतुजाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

शिरूर अनंतपाळच्या पुढं, घरणी नदीच्या काठावर निवळवाडी आहे. तिथल्या धुरपताबाईंनी पुराच्या दिवशी गावच्या भवानीला नवस बोलला होता, की पोरगा जिता परत आला तर त्याची गुळाची तुला करीन. पोरगा परत आला. तोही साधासुधा नाही, हेलिकॉप्टरातून, शाळेच्या मैदानावर, अख्ख्या गावादेखत. त्याला आता दोन वर्षं होत आली होती, तरी नवस तसाच पडून होता. एकदा सुगी आडवी आली, एकदा भावकीतलं सुतक, एकदा म्हणे भागवतची कंबर धरली. यंदा मात्र धुरपताबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. चैत्री पुनव धरली आणि लेकीला फोन केला, येताना लातूरच्या आडतीतून गूळ घेऊन ये.

ऋतुजा लातूरला खोली करून राहायची. नांदेडला फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होती. कुठलीही गोष्ट मोजून-मापून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. साहजिकच तिनं विचारलं, दादाचं वजन किती आहे?

 फोनवर धुरपताबाई म्हणाल्या, "माणसाएवढं."

ऋतुजाला हसू आलं. तिनं भागवतला फोन लावला, तर त्यानं थट्टेवारी नेलं. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं उभा राहतो, म्हणाला, पावती तुला पाठवतो. जास्तीचाच आण, उरला तर पोळ्या करू.

पुढच्या शनिवारी ती गावी गेली तेव्हा पायाखाली ठेवायचं वजनाचं यंत्र घेऊनच गेली. भागवत म्हणाला, आत्ता जेवलोय, सकाळी बघू. सकाळी यंत्र चालेना. आतले सेल कुणीतरी काढून घेतले होते. दुपारी ते तिला फडताळात मिठाच्या बरणीमागं सापडले. भागवतला विचारलं तर त्यानं आईकडं पाहिलं आणि हसला. धुरपताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

एवढ्यातेवढ्यावरून कुणावर संशय घेणारी ती नव्हती. पण त्या दिवसापासून ती बघायला लागली. भागवत भुईमुगाला पाणी देऊन यायचा. ओल्या काळ्या वावरातून आलेल्या माणसाच्या चपलेला पायलीभर चिखल चिकटतो, चालताना पाय उचलत नाही. भागवतच्या चपला नुसत्या ओल्या असायच्या. तो कडेच्या दगडांवरून येत असेल, असं तिनं ठरवलं. तो बाजेवर बसला की सुंभ करकरायचं नाही. सुंभ नवं असेल. त्याच्या पँटीचे खिसे सदान्‌कदा फुगलेले असायचे, पाने, नट, एक नांगराचा तुटका फाळ. शेतकऱ्याच्या खिशात लोखंड असणारच. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं उत्तर होतं. फक्त उत्तरं फार व्हायला लागली होती.

धुरपताबाईंची आणखी एक इच्छा होती. ज्यांनी पोराला वर ओढून घेतलं त्या हेलिकॉप्टरवाल्यांना तुलेला बोलवायचं, फेटा बांधायचा, आहेर करायचा. हे काम ऋतुजानं आनंदानं अंगावर घेतलं. मनात होतं ते आईला सांगितलं नाही.

पायलट शोधायला लांब जावं लागलं नाही. विंग कमांडर रामलिंग बिडवे हवाई दलातून निवृत्त होऊन लातुरातच राहत होते. मूळचे उदगीरचे. विमानतळाजवळ एका उड्डाणशाळेत पोरांना शिकवायचे. कँटीनमधल्या पत्र्याच्या सावलीत त्यांनी तिला बसवलं, भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या दोन ताटल्या मागवल्या, आणि पुराचं नाव काढताच त्यांची कळी खुलली.

बिडवे सांगायला लागले की ऐकत राहावं. गोदामाच्या पत्र्यावर मांडीत शेळी घेऊन बसलेला एक जण होता. शेळी सोडायला तयार नाही. शेवटी दोघांना एकाच पट्ट्यात वर घेतलं, आणि शेळीनं वर येऊन पहिलं काम काय केलं, तर नकाशा खाल्ला. एका म्हातारीनं खाली उतरलेल्या जवानाला अंगाला हात लावू दिला नाही. लांब हो मेल्या, म्हणाली, माझं मी घालते. पट्टा उलटा घातला, पदर खोचला आणि डोळे मिटून रामराम म्हणत वर आली. हसता हसता मधेच ते गंभीर व्हायचे. पुरात सगळ्यांत मोठं भय पाण्याचं नसतं, तारांचं असतं, म्हणाले. तार दिसत नाही. दोन खांबांची डोकी दिसली की मधे तार आहे असं धरून चालायचं. एकदा ती त्यांना दिसली तेव्हा पात्यांपासून चार हातांवर होती.

"आणि सर, माणूस वर घेताना खाली बघता येतं?"

"मला काहीच दिसत नाही. माणूस माझ्या पोटाखाली असतो. दारात दोर सोडणारा आमचा व्यंकट पालथा पडलेला असायचा, तो बोलायचा. पुढं, पुढं, थोडं डावीकडं, थांब. मी त्याच्या बोलण्यावर उडतो. बाकी हातावर."

"हातावर म्हणजे?"

त्यांनी टेबलावरचा चमचा हेलिकॉप्टरच्या काठीसारखा उजव्या मुठीत उभा धरला. दोर यंत्राच्या एका बाजूला असतो, त्यांनी समजावलं. माणूस त्याला लोंबकळला की हेलिकॉप्टर त्या बाजूला किंचित कलतं. नवा पायलट ते कलल्यावर सावरतो. जुना पायलट आधीच सावरून ठेवतो, कारण वजन येणार हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. सांगता सांगता चमचा बोटभर कलला.

मग ऋतुजानं भावाचं सांगितलं. निवळवाडीच्या खाली, नदीच्या वळणावरची बाभूळ. भागवत.

बिडव्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या ताटलीतली सुशीला गार होत चालली होती, पण त्यांनी पुढं घास घेतला नाही.

"जेवतो का तो नीट?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"त्या दिवशी मी नेहमीसारखं आधीच सावरलं," ते म्हणाले. "व्यंकट म्हणाला, माणूस पट्ट्यात आहे, झाड सुटलं. आणि वजन आलंच नाही. मी सावरलं होतं ते उलटं पडलं, यंत्र दुसऱ्या बाजूला कललं. इतक्या वर्षांत माझा हात तेवढ्या एका वेळी चुकला."

वाऱ्याचा झोत असेल, ऋतुजा म्हणाली. खालून आलेला झोत क्षणभर तेवढं वजन तोलून धरू शकतो, तिनं मनात अंदाजही बांधला. बिडव्यांनी लगेच मान हलवली. झोतच असणार, म्हणाले. त्यांनी स्वतःला तेच सांगितलेलं दिसत होतं. तुलेचं आमंत्रण त्यांनी घेतलं, वाचवलेल्या माणसाला पुन्हा भेटायची वेळ कधी येत नाही, म्हणाले. ती निघाली तेव्हा मात्र फाटकापर्यंत आले.

"दोराचं मला विचारू नका. ते व्यंकटला दिसलं होतं."

व्यंकटही दलातून निवृत्त होऊन भोकरच्या पुढं हळदीची शेती करत होता. ऋतुजा गेली तेव्हा शेतात कढई लावलेली होती. उकडलेल्या हळदीचा तिखट, मातकट वास रस्त्यापर्यंत आला होता. माणूस दांडगा, हात कोपरापर्यंत पिवळे. बोलण्यात देगलूरकडचा तेलुगू हेल. बिडवे साहेबांचं नाव ऐकून तो खूश झाला, बायकोला चहा सांगितला, साहेब अजून तेवढेच हट्टी आहेत का विचारलं. लातूरकरांना गुळापुढं काही दिसत नाही असा टोमणाही मारला. बाभळीचं नाव निघाल्यावर त्यानं लाकडी दांडा कढईच्या काठाला टेकवला आणि तिला बांधावर घेऊन गेला.

"तुमी कोण त्याच्या?"

"बहीण."

तो बराच वेळ हाताची हळद चोळत बसला.

त्यानं सांगितलं ते असं. पुरात उडताना एक नेम असतो. जो हलतो त्याला आधी उचलायचं. जो हलत नाही त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, त्याच्याकडं नंतर यायचं, पाणी उतरल्यावर. सकाळी त्या वळणावरून जाताना बाभळीत एक जण अडकलेला दिसला होता. आडवा, काट्यांत कपडा गुंतलेला, डोकं पाण्यात. व्यंकटनं साहेबांना जागा सांगून ठेवली आणि ते पुढं गेले. दुपारी माघारी येताना बघतो तर त्याच बाभळीच्या शेंड्याला एक जण उभा. हात हालवून राहिला होता.

"शेंड्याला, बाई. करंगळीएवढी फांदी."

"दुसरा माणूस असेल," ऋतुजा म्हणाली. "झाडही दुसरं असेल. पुरात वरून सगळी झाडं सारखीच दिसतात."

"हाव. असंल." त्यानं वाद घातला नाही. "म्या पट्टा सोडला, त्यानं घातला. मानूस दोराला असला की दोर ओळंब्यावानी सरळ ऱ्हातो. रिकामा पट्टा असला तर पंख्याच्या वाऱ्यानं शेपटीकडं उडतो. त्यो शेपटीच्या पंख्यात गेला की संपलं, समदे खाली. म्हणून दोर तोडायला बटन असतंय. माझं बोट बटनावर होतं. दोर शेपटीकडं उडून राहिला होता."

"रिकामा?"

"मानूस होता त्यात. पतंगावानी."

कढईखालचं लाकूड फुटलं. व्यंकटनं तिकडं एकदा पाहिलं.

"म्या त्याचा हात धरून आत घेतला. हात गार न्हवता, येवढं सांगतो. चांगला गरम होता. मला रामराम म्हनला. मंग म्या काय करनार हुतो? परत सोडनार हुतो का खाली?"

तुलेला येणार का, असं विचारल्यावर त्यानं हळदीकडं बोट दाखवलं. काम सोडून येता येत नाही, म्हणाला. वाटेला लावताना त्यानं एकच विचारलं, हा नवस आईनं कधी बोलला होता, सकाळी का दुपारी? ऋतुजाला ठाऊक नव्हतं.

तिनं ते आईला विचारलं, पुनवेच्या आदल्या दिवशी, गूळ उतरवून घेतल्यावर. धुरपताबाई ढेपांवर ओलं फडकं टाकत होत्या.

"माय, नवस कधी बोललीस तू?"

"पाण्याच्या काठाला."

"ते नव्हं. दादा दिसत होता का तवा?"

धुरपताबाईंनी फडक्याची घडी नीट केली. "दिसला म्हणून तर बोलले," म्हणाल्या. आणि मग, "तू लई शिकलीस पोरी. शिकलेल्या माणसानं समदं इचारू नये. नवस राह्यला तर देवी दिलेलं माघारी मागती. उंद्या फिटंल. मग जीव थाऱ्यावर येईल माझा."

त्यांच्या आवाजात विनवणी होती, आणि ती ऋतुजानं याआधी कधी ऐकलेली नव्हती. वडील गेले तेव्हाही नाही. संध्याकाळी ती भागवतला स्कूटीवर मागं बसवून दुकानापर्यंत गेली. मागं माणूस बसला की गाडी दबते, वळणावर जड होते. तिनं मुद्दाम खड्ड्यातून नेली. मागून भागवत बोलत होता, तुझ्या कॉलेजात पोरं वळतात का, मास्तरीण म्हणून भितात का. गाडी खड्ड्यातून एकटीच्या गाडीसारखी उडाली. त्याचे दोन्ही खिसे खणखणले. तिनं आरशात पाहिलं. त्यानं सीटखालची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तिनं ठरवलं, उद्या काहीही करायचं नाही. फक्त बघायचं. तराजू खोटं बोलत नाही.

भवानीच्या देवळापुढं तीन वासे एकत्र बांधून तिकाटणं उभं केलं होतं आणि त्याला आडतीतला जुना मोठा तराजू टांगला होता. सकाळची कोवळी उन्हं होती. हलगी चालू होती. बिडवे वेळेवर आले. गुलाबी फेटा बांधून घेतला, आणि मानाच्या खुर्चीवर बसून ते भागवतकडं बघायला लागले. भागवतनं वाकून पाया पडल्यावर त्यांनी त्याला उठवायला दंडाला धरलं, आणि धरलेला हात चटकन काढून घेतला.

एका पारड्यावर नवीन लुगडं पसरलं होतं, त्याचे काठ जमिनीला लोळत होते. आईनं त्याच्या एका अंगाला बसायचं, बहिणीनं दुसऱ्या अंगाला, अशी तिथली रीत. भीमा गुरवानं भागवतला हाक मारली.

"लोखंड, चामडं काय आसंल ते काढून ठेव रं."

भागवत उभा राहिला. मग त्यानं एकेक काढायला सुरुवात केली. पाना. नट. साखळीचा तुकडा. फाळ. कमरेचा पट्टा, त्यात ओवलेले शिशाचे गोळे. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, तुला हाय का गॅरेजचं उद्घाटन? भागवतही हसला. हसताना त्याची टाच जमिनीवर टेकत नव्हती, पण तो वाकून चप्पल काढत होता, तेव्हा तसंच दिसणार.

तो पारड्यात बसला. मांडी घातली. दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. बोटं पांढरी पडेपर्यंत.

भीमानं समोरच्या पारड्यात पहिली ढेप ठेवली.

एका ढेपेनं काही व्हायला नको होतं. ऋतुजानं खाली पाहिलं. लुगड्याचा काठ जमिनीवरून हळूच उचलला गेला होता. दोन बोटं. हलगीच्या नादात, उदोकाराच्या गलक्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बिडव्यांच्या आलं. ते खुर्चीत एका अंगाला कलले होते. उजव्या हाताची मूठ मांडीवर आवळलेली होती आणि नसलेली काठी सावरत होती. त्यांनी ऋतुजाकडं पाहिलं.

आता फक्त थांबायचं होतं. दुसरी ढेप पडली की उत्तर मिळणार होतं. सगळ्या गावाला मिळणार होतं.

भीमानं दुसरी ढेप उचलली.

"ऋतू," भागवत म्हणाला. अगदी हळू. तो तिच्याकडं बघत नव्हता. वर बघत होता.

तिनं खाली बसून लुगड्याच्या काठाखाली हात घातला आणि पारड्याची कड दाबून धरली.

तिथं आधीच एक हात होता.

खरखरीत, घामेजलेला, काकणांचा. लुगड्याच्या पलीकडं धुरपताबाई भवानीपुढं मान घालून बसल्या होत्या. एक हात छातीशी जोडलेला, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. गुडघाही त्यांनी पारड्याच्या कडेवर रोवला होता. लेकीचा हात लागला तेव्हा त्या दचकल्या नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

"जोर लाव," त्या पुटपुटल्या. "माझ्या एकलीच्यानं आता होईना गेलंय."

ऋतुजानं दुसरा हात घातला. मग गुडघा.

तिसरी ढेप. चौथी. पाचवीला दांडी सरळ झाली. पोरगा वाळलाय की रं, भीमा म्हणाला, आणि त्यानं भंडारा उधळला. उदो उदो झाला. बायकांनी ओवाळलं. नवस फिटला.

लोक गुळाच्या पारड्याकडं वळले. भीमानं ढेपा उतरवल्या, एकेक फोडून वाटायला दिली. हलगी थांबली. बिडवे खुर्चीवरून उठून, कुणाचा निरोप न घेता, फेट्यासकट जीपकडं निघाले होते. पोराला आता उतरू दे की, कुणीतरी म्हणालं. धुरपताबाई म्हणाल्या, बसू दे जरासा.

ऋतुजानं मान वर केली. समोरचं पारडं रिकामं होतं, उन्हात नुसतं हलत होतं. त्यात गुळाचा खडासुद्धा उरला नव्हता.

तिच्या हाताखालची कड अजून वरच ओढत होती.